न पाहिलेला ओढा

अमीन शिकलगार यांच्याकडे माझं पहिल्यांदा लक्ष गेलं ते त्यांना सही करायला लागलेल्या वेळामुळे.

कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या एका शाळेत रविवारी सकाळी मुक्त विद्यापीठाचे वर्ग भरतात. अकरावी-बारावीला मानसशास्त्र शिकवून मी निवृत्त झाले, त्यानंतर तिथल्या ‘गुन्हेगारी वर्तनाचे मानसशास्त्र’ या वर्षभराच्या अभ्यासक्रमाचे तास माझ्याकडे आले. पहिल्या दिवशी हजेरीचा कागद फिरत फिरत शेवटच्या बाकावर गेला आणि तिथेच थांबला. तिथे पन्नाशी ओलांडलेले एक गृहस्थ बसले होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, बारीक कापलेली दाढी, उजव्या हाताच्या दोन बोटांना चिकटपट्टी. त्यांनी तो कागद वरपासून वाचायला घेतला. वर्गाचं नाव, तारीख, आधी सह्या केलेल्यांची नावं. मग कागद उलटून मागे काही लिहिलंय का ते पाहिलं आणि मगच पेनचं टोपण काढलं.

“चाचा, बाई काय जमीन लिहून घेत न्हाईत,” पुढच्या बाकावरचा यशराज मान वळवून म्हणाला. “हजेरी हाय ती.”

वर्ग हसला. अमीनभाईही हसले, पण सही त्यांनी सावकाशच केली.

वर्गात पंधरा-सोळा जण असतील. बरीचशी पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं, दोन वकिलीची, आणि अनुजा नावाची एका शाळेतली समुपदेशक. हा विषय का घेतला, असं मी प्रत्येकाला विचारलं. मुलं खरं बोलली, भरतीच्या मुलाखतीत सांगायला बरं पडतं म्हणाली. अमीनभाईंची पाळी आली तेव्हा ते उभे राहिले आणि उत्तर द्यायचं सोडून त्यांनीच मला विचारलं.

“बाई, ह्यातनं खून केलेला माणूस वळखाय येतो का?”

यशराज गप्प बसणाऱ्यातला नव्हता. “आला तर पयला आमचा मामा बघा चाचा. आज्जीच्या रानाचा खून केलाय त्येनं.”

पुन्हा हशा झाला. अमीनभाई उभेच होते. मी सांगितलं की तसं येत नाही. माणूस तिथवर कसा पोचतो याचा थोडाफार अंदाज बांधता येतो, अमक्याने ते केलंच असं कुणाकडे बघून सांगता येत नाही. त्यांनी मान हलवली आणि खाली बसले. एखाद्या डॉक्टरने उपाय नाही म्हटल्यावर माणूस दुसऱ्या डॉक्टरचा विचार करत बसतो, तसे ते बसले होते.

त्यांचं दुकान माझ्या भाजीच्या वाटेवर होतं. फोटोंना फ्रेम करायचं दुकान, आठ फूट रुंद, आत खोल गेलेलं. एका भिंतीला महालक्ष्मी, जोतिबा, बाळूमामा आणि मक्केचे फोटो शेजारी शेजारी, दुसऱ्या भिंतीला गिऱ्हाइकांची न्यायची राहिलेली माणसं. त्यात जिवंत कमी आणि गेलेली जास्त. वडील कागलहून येऊन इथे काच कापायचे, त्यांच्यामागे अमीनभाई. शिक्षण दहावीपर्यंतच झालेलं. बारावी त्यांनी मुलगी अर्शी हिच्याबरोबर अभ्यास करून, बाहेरून दिली होती. या वर्गाचा प्रवेशही अर्शीनेच मोबाइलवरून करून दिला होता. गिऱ्हाइकाशी ते फार बोलत नसत. फोटो हातात घेतला की आधी मागच्या बाजूला धूळ पुसत, मग पुढच्या.

पावसाळा सरत आला होता तेव्हा एकदा मी एक जुना वर्गफोटो घेऊन गेले. दुकानात कुणी नव्हतं. त्यांनी मला स्टूल दिलं, माप घेतलं आणि टेप गुंडाळता गुंडाळता सगळं सांगितलं. सांगायचं त्यांनी आधीच ठरवलं असावं, कारण कुठे अडखळले नाहीत.

पोलिसांना एखादी जागा तपासायची असली, एखादी वस्तू ताब्यात घ्यायची असली, की सोबत दोन त्रयस्थ माणसं लागतात. त्यांनी डोळ्यांनी बघायचं आणि लिहिलेल्या कागदावर सही करायची. ही माणसं म्हणजे पंच, आणि तो कागद म्हणजे पंचनामा. जवळच्या ठाण्यातले एक हवालदार यासाठी नेहमी अमीनभाईंना हाक मारत. दुकान कायम उघडं, माणूस निर्व्यसनी, सही वळणदार. दुसरा पंच समोरच्या चहाच्या गाड्यावरचा जोतीराम. एक हिंदू आणि एक मुसलमान असला की कागद बरा दिसतो, असं हवालदार म्हणायचे.

सुरुवातीला दोघे खरंच जायचे. मटक्याची धाड, गावठी दारूचे कॅन, चोरीच्या मोटरसायकली. मग दुकान उघडं टाकून जाणं अडचणीचं व्हायला लागलं, आणि हवालदार म्हणाले, कशाला धंदा बुडवताय, संध्याकाळी ठाण्यावर येऊन सही करून जावा. अमीनभाईंना ते उपकार वाटले. पुढे ती सवयच झाली. कागद तयार असायचा, ते खाली सही करायचे, जोतीराम चहा घेऊन आलेला असायचा तो तिथेच सही करायचा. सगळे मिळून चहा प्यायचे.

मागच्या गल्लीत धोंडुबाई नावाची म्हातारी एकटी राहायची. मुलगा विजयसिंह पुण्याला बँकेत. बाजारातून येताना ती अमीनभाईंच्या पायरीवर दम खायला बसायची आणि त्यांच्या फ्रेमांना नावं ठेवायची. एका दुपारी ती घरात मेलेली सापडली. डोक्यात मार होता आणि हातातल्या पाटल्या गेल्या होत्या. पोलिसांनी आदर्श नावाच्या पोराला धरलं. तो मूळचा मुरगूडचा, गॅसच्या टेम्पोवर कामाला, तिच्या घरी सिलिंडर पोचवणारा. ज्या लोखंडी बत्त्याने मारलं तो त्याने मुरगूडच्या अलीकडे एका ओढ्यातून, करंजाच्या झाडाखालून स्वतः काढून दिला, असं पंचनाम्यात लिहिलेलं होतं; ते हवालदारांनीच नंतर चहा पिताना सांगितलं. खाली सह्या जोतीराम आणि अमीन शिकलगार यांच्या. दोघांपैकी कुणीही त्या दिवशी शाहूपुरी सोडली नव्हती.

“त्या दिवशी इचलकरंजीहून काचेची गाडी यायची हुती,” अमीनभाई म्हणाले. “मी ओढा बघितलेलाच न्हाय, बाई.”

त्यानंतर जोतीराम काविळीने वारला. म्हणजे कोर्टात उभं राहायला एकटे अमीनभाईच उरले. तारीख अजून लागायची होती, पण लागणार होती. गेलो होतो म्हटलं तर शपथेवर खोटं, आणि त्यावर एका पोराचा जन्म तुरुंगात जाणार. गेलो नव्हतो म्हटलं तर कदाचित धोंडुबाईला मारणारा मोकळा सुटणार. मग त्यांनी मनाशी एक हिशेब मांडला होता. पोराने खून केलाय असं आपल्याला पक्कं कळलं, तर खोटं बोलायचं पाप डोक्यावर घ्यायचं. केला नाही असं कळलं, तर खरं सांगायचं. ते कळावं म्हणून ते माझ्या वर्गात येऊन बसले होते.

मी त्यांना म्हटलं की तुम्ही जेवढं पाहिलंत तेवढं सांगा, बाकीचं बघायला न्यायाधीश आहेत.

“त्यांनी तरी कुठं बघितलंय?” ते म्हणाले. त्यांनी माझ्या फोटोच्या काचेवर पेन्सिलीने खूण केली.

त्यांच्यासारखा विद्यार्थी मला शाळेत मिळाला नाही. मिळाला असता तरी मी त्याची काळजीच केली असती. प्रत्येक धडा ते आदर्शला लावून बघत. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी एका डॉक्टरने गुन्हेगारांच्या कवट्या आणि कान मोजले होते, हे मी सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. पुढच्याच वाक्यात ती सगळी समजूत चुकीची ठरली हे सांगितलं तेव्हा पडला. नंतर कळलं, त्यांनी वर्तमानपत्रातला आदर्शचा फोटो जपून ठेवला होता आणि तो रोज बघत होते. बाप सोडून गेलेला, हा मुद्दा आला तेव्हा त्यांनी वहीत रेघ ओढली. वाईट संगत, पुन्हा रेघ. पण त्याच वेळी गल्लीतली, नात्यातली दहा पोरं त्यांना आठवायची, ज्यांचे बाप सोडून गेले होते आणि ज्यांनी मुंगीही मारली नव्हती. “हे कुर्त्यागत हाय बाई,” ते एकदा म्हणाले, “कुणाच्याबी अंगाला बसतंय.”

साक्षीदारांच्या आठवणीवरचा धडा मी डिसेंबरात घेतला. माणसाला एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली, त्याने ती मनाशी घोळवली, की न पाहिलेलंही पाहिल्यासारखं वाटायला लागतं, हे मी उदाहरणं देऊन सांगत होते. तास संपल्यावर अमीनभाई थांबले. फळा मी पुसला तरी ते थांबलेले.

“मला त्यो ओढा दिसतोय,” ते म्हणाले. “पाणी पाऊलभर. करंजाचं झाड डाव्या अंगाला. पोरगं वाकून हात घालतंय. कोर्टात व्हय म्हणालो तर मला खोटं बोलल्यागत वाटायचंबी न्हाय.”

ते घाबरले होते. मीही घाबरले.

पुढच्याच आठवड्यात, मला न सांगता, ते एसटीने मुरगूडच्या बाजूला गेले. या अभ्यासक्रमात विद्यार्थ्यांना वर्षाअखेर एक व्यक्तिअभ्यास द्यायचा असतो, एखाद्या गुन्ह्यात अडकलेल्या माणसाच्या घरच्यांशी बोलून लिहिलेला. त्यांनी मनाची समजूत अशी घातली की आपण त्यासाठी चाललोय. आधी ते ओढा बघायला उतरले. करंजाचं झाड होतं, पण उजवीकडे. ओढाही त्यांच्या डोक्यातल्यापेक्षा लहान होता, एका उडीत ओलांडता येईल एवढा. तिथे बराच वेळ उभं राहून मग ते विचारत विचारत आदर्शच्या आईकडे, विठाबाईकडे गेले.

विठाबाई दुसऱ्यांच्या म्हशींच्या धारा काढते. तिने त्यांना पाहुणा समजून पोतं अंथरलं, चहा ठेवला. चहा हातात आल्यावर त्यांनी आपण कोण ते सांगितलं. ती म्हणाली, “म्हंजे त्ये तुम्हीच व्हय.” ओरडली नाही, पाया पडली नाही, माझ्या पोराला वाचवा म्हणाली नाही. तिने जे सांगितलं ते ऐकून अमीनभाई जास्त गोंधळले. पोरगं लहानपणापासून खोटं बोलतं. एकदा पैशावरनं तिच्या अंगावर हात टाकला होता. तेच पोरगं तिच्या आजारपणात महिनाभर रोज टेम्पो लावून कोल्हापूरहून यायचं आणि धारा काढून परत जायचं.

“त्येनं केलं असंल का?” अमीनभाईंनी तिला सरळ विचारलं.

“पोटच्या पोराचं मला सांगाय येईना झालंय,” ती म्हणाली. “तुम्हाला कुठनं कळायचं, पावणं?”

हे त्यांनी मला रविवारी सांगितलं. मी त्यांना रागावले. आरोपीच्या घरी पंच जाऊन आला, याचा अर्थ लोक काय लावतील, एवढं तरी तुमच्या ध्यानात यायला हवं होतं, असं म्हणाले. त्यांनी ऐकून घेतलं. ते चुकले होते, पण त्यांना तिथे जाऊन आल्याचा पश्चात्ताप नव्हता. निदान ओढा तरी आता खरा दिसत होता त्यांना.

लोकांनी अर्थ लावायला आठ दिवसही घेतले नाहीत. मुरगूडच्या कुणीतरी त्यांना ओळखलं होतं. विजयसिंह आईच्या मृत्यूनंतर बदली घेऊन कोल्हापुरात आला होता आणि तिच्याच घरात राहत होता. ऑफिसला जाता-येता तो अमीनभाईंना हात करायचा. आईचा मोठा फोटो त्याने त्यांच्याकडूनच फ्रेम करून घेतला होता आणि त्या दिवशी पहिल्यांदा म्हणाला होता की आता सगळं तुमच्यावर आहे. हे कानावर गेल्यावर तो एका संध्याकाळी दुकानात आला, आणि मी तिथे असूनही बोलायचा थांबला नाही.

“मुरगूडला गेलतासा म्हणं.”

“गेलतो.”

“कशाला?”

“बघायला.”

“काय बघायला?”

 अमीनभाईंनी हातातली काच टेबलावर ठेवली.

“आई तुमच्या पायरीवर बसायची,” विजयसिंह म्हणाला. “तिचा फोटो मी तुमच्या हातनं फ्रेम करून घेतला, अमीनभाई. दुसरं दुकान नव्हतं का मला?”

तो सभ्य माणूस आहे. याहून जास्त बोलला नाही. पण त्यानंतर त्याने हात करणं सोडलं, आणि दुकानावरून जायच्या ऐवजी पलीकडच्या रस्त्याने जायला लागला.

फेब्रुवारीत मी गुन्हेगार स्वतःची समजूत कशी घालतात, हा धडा घेतला. पुस्तकात त्यांच्या सबबी दिल्या आहेत आणि त्या मी मुलांना वाचायला लावल्या. यशराजला नाटकी वाचायची हौस. तो उभा राहून, हातवारे करून एकेक वाचत होता. सगळेच करतात. मी नाही म्हणालो असतो तर दुसऱ्याने केलं असतं. त्यात कुणाचं काय बिघडलं? मला वरून सांगितलं होतं. मुलं हसत होती. अमीनभाईंनी पेन खाली ठेवलं होतं आणि ते दोन्ही हात बाकावर पालथे ठेवून बसले होते.

“बास यशराज,” ते म्हणाले. त्यांनी वर्गात कुणाला असं थांबवलेलं मी एकदाच पाहिलं. “ह्ये तू माझंच वाचाय लागलायस.”

यशराजला काही कळलं नाही, पण तो बसला. त्या दिवसानंतर अमीनभाईंनी आदर्शबद्दल मला एकही प्रश्न विचारला नाही. वर्तमानपत्रातला फोटो त्यांनी टाकून दिला असं अर्शीने सांगितलं. वर्गात मात्र ते येत राहिले.

खैरुनबींना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, मी एकदाच भेटले. साक्षीची तारीख लागल्यावर त्या माझ्या घरी आल्या. उभ्याउभ्याच बोलल्या. यांनी रात्री जेवणं सोडलंय, नमाजाला बसले की उठत नाहीत, असं म्हणाल्या. त्यांचं म्हणणं साधं होतं. व्हय म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. पोलीस जवळचे, विजयसिंह जवळचा, आणि ते पोर कोण कुठलं?

“तुम्ही बाई हाय, त्यांना शिकवताय,” त्या म्हणाल्या. “त्यांना आमच्यासाठी बी जरा शिकवा की.”

मी त्यांना बसा म्हटलं. त्या बसल्या नाहीत.

साक्षीच्या आदल्या दिवशी ठाण्यातून एक जण येऊन गेला. जुने हवालदार तोवर निवृत्त झाले होते, हा नवा होता. त्याने पंचनाम्याची नक्कल दाखवली आणि एकदा डोळ्याखालून घाला म्हणाला, वकीलबाई विचारतील तिथं व्हय म्हणायचं. अमीनभाईंनी ती पूर्ण वाचली. त्या कागदावर सही केल्यापासून पहिल्यांदाच वाचली.

कोर्टात मी मागच्या बाकावर बसले होते. आदर्शला तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं. बारीक, पाठीत किंचित वाकलेला, नखं खाणारा मुलगा. मी इतकी वर्षं हा विषय शिकवला, आणि त्याच्याकडे बघून मला काहीही सांगता आलं नसतं. अमीनभाईंनी त्याच्याकडे पाहिलंच नाही.

सरकारी वकीलबाईंनी पंचनामा दाखवून सही तुमची का, असं विचारलं. माझीच हाय, ते म्हणाले. आरोपीने तुमच्यासमोर ओढ्यातून बत्ता काढून दिला का?  मला वाटलं, त्यांच्या डोळ्यांसमोर तो दुसरा ओढा येत असणार, मोठा, झाड डावीकडे असलेला.

“मी तिथं गेलो न्हवतो,” ते म्हणाले. “सही ठाण्यात केली. कागद आधीच लिहिलेला हुता.”

वकीलबाईंनी न्यायाधीशांची परवानगी घेतली आणि साक्षीदार फितूर झाला असं जाहीर करून त्यांची उलटतपासणी घेतली. सगळ्यांना वाटत होतं तोच प्रश्न लवकर आला.

“तुम्ही आरोपीच्या घरी गेला होता?”

“गेलतो.”

“तिथे तुम्हाला काय मिळालं?”

“चहा.”

मागे कुणीतरी हसलं. विजयसिंह माझ्या दोन बाकं पुढे होता. तो उठून बाहेर गेला. न्यायाधीशांनी अमीनभाईंना विचारलं की न पाहता सही करणं हा गुन्हा आहे हे तुम्हाला कळत होतं का. तेव्हा नव्हतं कळत, ते म्हणाले, आता कळतं.

निकाल काही महिन्यांनी लागला. आदर्श सुटला. कारणं इतरही होती. पाटल्या शेवटपर्यंत सापडल्या नव्हत्या, शेजारणीला वेळ नीट सांगता आली नव्हती. तपासावर न्यायाधीशांनी कडक लिहिलं. पण गल्लीत एवढंच राहिलं की शिकलगारने पैसे खाल्ले. कुणी दुकानावर दगड मारले नाहीत, कुणी भांडायला आलं नाही. लोकांनी फक्त फोटो टाकायचे बंद केले. गेलेल्या माणसाचा फोटो घेऊन त्या दुकानात जाणं लोकांना बरं वाटेना. भिंतीवरच्या राहिलेल्या फ्रेमा मात्र हळूहळू नेल्या गेल्या. लोक पैसे द्यायचे, फ्रेम उचलायचे आणि न बोलता जायचे.

सुटल्यावर आदर्श एकदा दुकानात आला होता. पेढ्यांचा बॉक्स घेऊन पायरीखाली उभा राहिला. अमीनभाईंनी पेढा घेतला नाही, त्याला आतही बोलावलं नाही. तो बराच वेळ उभा होता, मग बॉक्स तसाच घेऊन गेला.

“विचारलं का त्याला?” मी म्हणाले.

“न्हाय विचारलं,” ते म्हणाले. “विचारल्यावर त्येनं सांगितलं असतं तर, बाई?”

अभ्यासक्रमाच्या दोन्ही लेखी परीक्षा त्यांनी दिल्या. दोन्हींत पास झाले. व्यक्तिअभ्यास मात्र त्यांनी दिला नाही. मी वही मागितली. विठाबाईचं नाव बदलून, गाव बदलून लिहा, असं मी म्हणाले, सगळे तसंच करतात. सगळे करतात हे शब्द माझ्या तोंडून गेले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या बाईने आपल्याला पाहुणा समजून पोराचं वाईटही सांगितलं, ते मार्कांसाठी देणार नाही, असं ते म्हणाले. व्यक्तिअभ्यास नाही म्हणून प्रमाणपत्र नाही. यशराजला मिळालं. तो भरतीत लागला, आणि मला भेटला की चाचा कसे हाईत, असं आवर्जून विचारतो.

गेल्या दिवाळीनंतर शाहूपुरीतलं दुकान त्यांनी सोडलं. मालकाने तिथे मोबाइलची कव्हरं विकणाऱ्याला जागा दिली आहे. खैरुनबी घरी शिवणकाम करतात आणि माझ्याशी बोलत नाहीत. अर्शी बोलते, पण बापाविषयी नाही.

अमीनभाई सध्या कागलला, हायवेलगतच्या एका काचेच्या दुकानात पगारावर आहेत. खिडक्यांच्या आणि शोकेसच्या काचा कापतात. सकाळच्या एसटीने जातात, संध्याकाळी परत येतात, आणि शुक्रवारी नमाजासाठी त्यांना दुपारपर्यंतच काम असतं.